न गायलेल्या गाण्यावरचं नाव

फुजैरा
१२ फेब्रुवारी २०२५

विजय,

तुझ्या ऑफिसातून आलेला इमेल मिळाला. त्याआधी तू पाठवलेले व्हॉइस मेसेजही मिळाले होते, ते मी ऐकले नाहीत. फोनवर बोललो तर आपलं भांडण होईल, आणि इमेल तुझ्या स्टुडिओतली पोरं वाचतात, म्हणून कागदावर लिहून कुरियरने पाठवतोय. त्या पोरांना मराठी येत नाही. तेलुगू सिनेमातला मराठी वाचू शकणारा तू एकटाच संगीतकार असशील, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

विषय मला समजलाय तो असा. शोभनाने तुझ्यासाठी गायलेले जुने ट्रॅक तुझ्याकडे आहेत. मोठ्या गायिकेने ऐकून गावं म्हणून आधी कुणीतरी गाऊन ठेवायचं, मग मोठीचा आवाज आला की पहिला काढून टाकायचा, तो ट्रॅक. तू काढलेस पण टाकले नाहीस. आता ते तू एका मशीनला शिकवणार, मशीन शोभनाच्या आवाजात तुझ्या नव्या पिक्चरचं गाणं म्हणणार, आणि पडद्यावर गायिका म्हणून तिचं नाव झळकणार. ती आता नाही, म्हणून सही नवऱ्याची, म्हणजे माझी, हवी. तुझ्या वकिलाने 'लेगसी' हा शब्द इतक्या वेळा घातलाय की मला वाटलं, शोभनाच्या नावाने एखादी बँकच निघतेय.

उत्तर आत्ता देत नाही.

मी कसा आहे, असं त्या इमेलात शेवटी विचारलंय. बरा आहे. टर्मिनलवरची ड्युटी चालू आहे. टाक्या भरतात, रिकाम्या होतात, बाहेर समुद्रात जहाजं तेलासाठी रांग लावून उभी असतात. जेवतो, झोपतो. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल कसा आपला वाटत नाही, तसं सगळं आहे. दुखत काही नाही. लोक म्हणतात, संजय खंबीर आहे. मी म्हणू देतो.

तुझी परवाची मुलाखत पाहिली. आमच्या ईराने पाठवली. तू तिला पाहिलंस तेव्हा ती शाळेत होती, आता दुबईत नोकरी करते आणि इंटरनॅशनल सिटीत दोन मैत्रिणींबरोबर राहते. तर मुलाखत. तो निवेदक तुझ्या शैलीवर बोलायला लागला तो थांबेचना. विजयकुमारांचं गाणं वाद्याने सुरू होत नाही, नुसत्या गुणगुणण्याने होतं. पल्लवी, म्हणजे आपला मुखडा, खालच्या सुरात आणि चरणम, म्हणजे अंतरा, एकदम चढा. नादस्वरमच्या मांडीला मांडी लावून बेस गिटार. आणि शेवटच्या ओळीआधी सगळी वाद्यं थांबतात, काहीच वाजत नाही, मग गायिका एकटी येते. त्याला तुमच्याकडे 'विजयकुमार गॅप' म्हणतात म्हणे. त्याने विचारलं, ही गॅप कुठून आली? आणि तू डोळे मिटून सांगितलंस की सोलापूरच्या मागांतून आली. धोटा थांबतो तेव्हाची शांतता!

काय बे विजय. तुमच्या घरातल्या मागांच्या खडखडाटाने तुझं डोकं दुखायचं म्हणून तू अभ्यासाला आमच्याकडे यायचास. धोटा थांबला की तुझे वडील शिव्या घालायचे, ती कसली शांतता?

गॅप कुठून आली ते तिघांना ठाऊक होतं, आता दोघांना आहे. तेव्हा तुझे दिवस फिरले होते. मोठ्या हिरोंना नाचायला दणका हवा होता, तुझ्या चाली त्यांना झोपाळू वाटायला लागल्या. ज्यांना तू कीबोर्ड शिकवलास त्यांच्याच पिक्चरला तू कीबोर्ड वाजवत होतास. मग तो एक छोटा पिक्चर आला, ट्रॅक गाणाऱ्या मुलीला द्यायलाही त्या निर्मात्याकडे काही नव्हतं, म्हणून तू शोभनाला फोन केलास. आमच्या बेडरूममध्ये गाद्या भिंतीला उभ्या करून ती गायला बसली. एसी बंद, कारण माइकमध्ये घरघर येते. जुलै महिना. कानात तुझा ठेका, समोर लॅपटॉप. शेवटच्या ओळीआधी समोरच्या मशिदीचा भोंगा खरखरला. आता अजान सुरू होणार म्हणून ती थांबली. पण भोंगा नुसताच खरखरला होता, अजानची वेळ झालीच नव्हती. ठेक्याचा एक फेरा रिकामा गेला आणि मग तिने शेवटची ओळ म्हटली. फाइल तशीच तुला गेली. दुसऱ्या दिवशी तुझा फोन, "शोभा, तो पॉज कसा सुचला गं तुला?"

ती किती हसली होती. तू तिथली सगळी वाद्यं काढलीस, गाणं गाजलं, तू परत वर आलास. तेव्हापासून प्रत्येक गाण्यात गॅप. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चाल तुझी होती आणि रिकाम्या जागेचं काय करायचं ते तुलाच कळलं. फक्त त्या मागांना मध्ये आणू नकोस.

माझी तक्रार कोणती ते तुला माहीत आहे. दुबईतला तुझा कार्यक्रम. "शोभा, त्या गाण्याच्या पहिल्या दोन ओळी स्टेजवर तू म्हणायच्यास," असं तू स्वतः फोनवर सांगितलंस. तिने शारजाच्या टेलरकडून ब्लाउज शिवून घेतला. दुसऱ्या रांगेत कडेची खुर्ची घेतली, पटकन उठता यावं म्हणून. गाणं आलं, तुझी ती मोठी गायिका आली, तिने सगळंच म्हटलं. नंतर मागे भेटल्यावर तू म्हणालास, "नेक्स्ट टाइम, पक्का." शोभना म्हणाली, "अरे असू दे." पुढच्या महिन्यात ती परत एसी बंद करून तुझ्यासाठी गात होती. मी मात्र तेव्हापासून तुझ्याशी बोललो नाही, आणि आता पत्र लिहितोय म्हणजे बोलतोय असं समजू नकोस.

संजय


फुजैरा
९ मार्च २०२५

विजय,

तुझं पत्र आलं. तुझं मराठी अक्षर अजून सहावीतच आहे. तू माफी मागितलीस ती वाचली. आता पुढे जातो.

रमजान सुरू झालाय, ड्युटीच्या वेळा बदलल्यात. मागच्या शनिवारी ईरा आली होती. इमेल मी तिला दाखवला होता, तेव्हापासून ती माझ्या मागे आहे. आमचं बोलणं तुला जसंच्या तसं सांगतो, म्हणजे माझ्या घरात तुझी बाजू कोण लढवतंय ते तुला कळेल.

"बाबा, फॉर वन्स आईचं नाव येईल," ती म्हणाली. "यू वॉन्टेड दॅट. लहानपणापासून मी हेच ऐकलंय ना तुझ्याकडून? नाव नाही दिलं, नाव नाही दिलं."

"जे गाणं तिने म्हटलंच नाही त्याला?"

"व्हॉइस तिचाच आहे ना. सगळे सिंगर्स ऑटोट्यून लावतात. दॅट्स आल्सो अ मशीन."

"तू ऐकलंस का ते?" तू नमुना म्हणून पाठवलेला तुकडा माझ्या फोनमध्ये पडून आहे, हे तिला माहीत होतं.

"नो. आधी तू ऐक. तू हजबंड आहेस. मग मी."

"ऐकेन."

"कधी? फेब्रुवारीपासून ऐकतोयस तू. यल्ला, चल ना बाबा, इट्स टू मिनिट्स!"

मी चहा करायला उठलो. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती, मग म्हणाली, "खलास, मी नाही विचारणार आता." आणि दहा मिनिटांनी परत विचारलं. आईवर गेलीय.

तिचं म्हणणं मला खोडता येत नाही, हे तुला सांगायला हरकत नाही. मला नाव हवंच होतं. तुझी पहिली कॅसेट निघाली तेव्हा मी सोलापूरच्या दुकानात उभ्या उभ्या वेष्टन फाडून आतला कागद शोधला होता. तेव्हा मी पाकणीच्या तेलडेपोत होतो. शोभना रात्रीच्या गाडीने हैदराबादला जायची, दोन दिवस तुझ्यासाठी ट्रॅक गायची आणि परत यायची. कागदावर तबलेवाल्याचं नाव होतं, साउंडवाल्याचं होतं, चहा देणाऱ्याचंही असतं तर मला आश्चर्य वाटलं नसतं. तिचं नव्हतं. ती म्हणाली, "रांगोळीचे ठिपके कोण मोजतं का? ठिपके बुजले तरच रांगोळी नीट झाली म्हणायची." मला ते पटलं नाही. तिला पटत होतं की ती माझी समजूत काढत होती, हे मला आजही सांगता येणार नाही. आता ती गेल्यावर तू नाव देतोस. वरातीमागून घोडं, पण घोडं तर आहे.

दुसरी गोष्ट. ती जे शब्द म्हणायची ते तुझ्याकडे अजून असतील ना? तुमच्याकडे चाल आधी, शब्द मागून. कवीचे शब्द येईपर्यंत बाकीच्या ट्रॅकवाल्या मुली नुसतं ला ला ला करायच्या. शोभनाला ते आवडायचं नाही, तोंड रिकामं वाटतं म्हणायची. मग जे समोर असेल ते चालीत बसवायची. 'भेंडी संपली, दोडका आण.' 'ईराची फी, ईराची फी, उद्या शेवटची तारीख.' तुझं ते अवॉर्डवालं गाणं, ज्यावर लग्नांतून अजून नवऱ्या मुली रडतात, ते मुळात 'दूध उतू गेलं बाई, लक्ष कुठे होतं' असं होतं. मी ते स्वयंपाकघरातून ऐकलेलं आहे, कारण दूध उतू घालवणारा मीच होतो.

खाली कुबरा राहते, हैदराबादची, शोभनाला बाजी, म्हणजे ताई, म्हणायची. काल इफ्तारच्या आधी हलीमचं भांडं घेऊन आली होती. तिच्या फोनवर तुझं तेच गाणं वाजत होतं. म्हणाली, "भाईसाब, ये गाना मैं पिक्चर आने के पहले सुनी। शोभना बाजी गाते थे, बाथरूम की जाली में से पूरा नीचे आता था। मेरे कू लगा, बाजी कुछ अपना गा रहे।" मी तिला तेलुगू शब्दांचा अर्थ विचारला. तिने सांगितला, चांदणं सांडून गेलं सखे, माझं मन कुठे होतं. मी म्हटलं, कवी हुशार आहे. दुधाचं चांदणं केलं आणि अक्षरही हललं नाही.

कुबरा गेल्यावर मी फोन हातात घेतला. तुझा तुकडा उघडला आणि बंद केला.

आता तुला खरं सांगतो, कारण ईराला सांगता येत नाही. मला तत्त्व वगैरे काही आड येत नाहीये. शोभना गेली त्या दिवसापासून मी रडलेलो नाही. दवाखान्यात नाही, अस्थी घेऊन सोलापूरला आलो तेव्हा नाही, तिच्या बहिणीने गळ्यात पडून हंबरडा फोडला तेव्हाही नाही. मी बहिणीला पाणी आणून दिलं. तिचा एकही जुना आवाज, एकही व्हिडिओ मी ऐकलेला नाही. मला भीती वाटते की ऐकेन आणि काहीच होणार नाही. मग माझ्याकडे काय राहील?

संजय


फुजैरा
६ एप्रिल २०२५

विजय,

ऐकलं.

ईदची सुट्टी संपली त्या दिवशी सकाळची ड्युटी करून बाहेर आलो. टर्मिनलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलो, काच वर केली आणि लावलं. का तेव्हाच, ते विचारू नकोस. जेवणाचा डबा घरी विसरलो होतो, तापलेल्या गाडीत बसून चिडलो होतो, आणि म्हटलं होऊन जाऊ दे एकदाचं.

आधी नुसतं गुणगुणणं. तुझी नेहमीची सुरुवात. मग तिने पहिली ओळ म्हटली.

मला सा आणि रे मधला फरक कळत नाही, तुला माहीत आहे. शोभना म्हणायची, गाढवाला गुळाची चव काय. पण ही कोण ते मला कळलं. तुझ्या तरंग ऑर्केस्ट्रात गणपतीच्या दिवसांत गाणारी, कपाळावरचे केस फुंकरीने उडवणारी. शाळेच्या हॉलमध्ये तालीम चालायची, तू पेटीवर, ती माइकसमोर, आणि मी वायरी गुंडाळत बसायचो. मला वायरींतलं काही कळत नव्हतं. तिथे बसायला काहीतरी काम हवं होतं म्हणून मी ते मागून घेतलं होतं. चढा सूर लावायच्या आधी ती किंचित थांबून ओठ ओले करायची, तेही त्यात ऐकू येतं. मशीनला ते कुणी सांगितलं?

मी रडलो. तोंड उघडं टाकून, आवाज काढून, स्टिअरिंगला डोकं लावून रडलो. इतकं सगळं आत होतं हे मला ठाऊक नव्हतं. सिक्युरिटीवाल्याने काचेवर टकटक केली, "सर, ओके? हॉस्पिटल?" मी म्हटलं, एसी खराब है, पसीना आँख में गया। तो बिचारा पाण्याची बाटली घेऊन आला आणि मी पिईपर्यंत तिथेच उन्हात उभा राहिला. मग मी तुकडा परत लावला. परत रडलो. घरी येऊन जेवलो तर आमटीला चव होती. मी केलेली, म्हणजे फार नव्हती, पण होती.

तेव्हा तुला मानलं. तुझा राग गेलाय असं नाही, पण तू जे पाठवलंस ते माझ्यापर्यंत पोचलं. इतके महिने माझ्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

सही करतो. कागद पाठवून दे. एकच अट, नाव अर्धवट नको. नुसतं 'शोभना' म्हटलं तर लोकांना वाटेल कुणी नवीन मुलगी आहे. 'शोभना बिराजदार' असं पूर्ण लिही, आणि गायिकांच्या यादीत पहिलं लिही. मोठ्या गायिकेला राग आला तर येऊ दे.

ईराला अजून सांगितलेलं नाही. पुढच्या वेळी भेटेल तेव्हा ऐकवतो. ती तर उडीच मारेल.

संजय


फुजैरा
१८ मे २०२५

विजय,

कागद आले. सही केलेली नाही, करणारही नाही. महिनाभर तुला ताटकळत ठेवलं. कारण सांगतो, मग तुला जे म्हणायचं ते म्हण.

गेल्या शनिवारी ईराला घ्यायला इंटरनॅशनल सिटीत गेलो होतो. घरी आणायची, दोन दिवस जेवायला घालायचं आणि तेव्हाच ऐकवायचं, असं मनात होतं. धीर धरवला नाही. तिच्या बिल्डिंगखालीच गाडीत बसलो होतो, तिने दोन करक, म्हणजे इथले कडक दुधाळ, चहा आणले होते, आणि मी म्हटलं, तुला काहीतरी ऐकवायचंय. तिला लगेच कळलं. तिने चहा खाली ठेवला, सीटवर मांडी घालून बसली, देवापुढे बसावं तशी. मी लावलं.

मी तिच्याकडे बघत होतो. मला वाटलं, आता हिचा चेहरा बदलेल. मी रुमालही काढून ठेवला होता, तिच्यासाठी. गुणगुणणं झालं, पहिली ओळ झाली, अंतरा चढला. माझे डोळे वाहायला लागले होते. ती तशीच बसलेली. संपल्यावर तिने विचारलं,

"हू इज शी?"

मला वाटलं, थट्टा करतेय. "कोण म्हणजे? आई आहे तुझी."

"नो, बाबा." ती अगदी हळू बोलत होती, आजारी माणसाशी बोलतात तशी. "दॅट्स नॉट आई. कुणीतरी खूप यंग मुलगी आहे. शी इज गुड. पण आई नाहीये."

"अगं, त्यांनी तिच्या हैदराबादच्या ट्रॅकवरून बनवलंय. तिचे सगळ्यात चांगले दिवस होते ते."

"तेव्हा मी होते का?"

"नाही. तू नंतरची."

"मग? आय नेव्हर मेट हर, बाबा."

मला राग आला. मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही. आईचा आवाज तुला ओळखू येत नाही, इंग्रजी शाळेत घालून चूक केली, असं काहीही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईचा व्हॉइस असा नव्हता. शी हॅड दॅट खरखर. सकाळी तर जास्तच. 'ईरा, मोबाईल ठेव' म्हणायची तेव्हा एंडला तो ब्रेक व्हायचा. गाताना पण व्हायचा, मग ती खोकायची आणि परत स्टार्ट करायची. मी दाराबाहेर होमवर्क करायचे ना, आय नो." आणि तेव्हा ती रडली. गाणं ऐकून नाही, ते सांगता सांगता. माझा रुमाल शेवटी लागला.

घरी येताना डोंगरातला रस्ता लागला. मसाफीच्या अलीकडे ती म्हणाली, "तुला साइन करायचं असेल तर कर. आय वोन्ट स्टॉप यू. आईचं नाव येईल, दॅट्स स्टिल समथिंग. फक्त मला ते गाणं पाठवू नकोस."

मग मी घरी आल्यावर तुझ्या साउंडवाल्या मुलाला फोन केला. मशीनला नेमकं काय ऐकवलं ते विचारलं. मुलगा चांगला आहे, हिंदीत समजावून सांगितलं. स्टुडिओतले जुने ट्रॅक घेतले, म्हणाला, ते एकदम क्लीन होते. फुजैराहून आलेले सगळे बाद केले. त्यांत नॉइज आहे. बाहेरचा ट्रॅफिक, भांडी, बॅकग्राउंडला लहान मुलगी, आणि पुढे पुढे मॅडमचा आवाजही थकलेला होता, मॉडेल बिघडतं. मी त्याला थँक यू म्हटलं.

विजय, ते बाद केलेलं म्हणजे आमचा संसार आहे. ती इथे वीस-बावीस वर्षं राहिली. इथे तिचा आवाज फाटला, इथे तिने मुलगी वाढवली, इथेच घामाने भिजून तुझी गाणी गायली आणि त्यातल्या एका गाण्याने तू परत उभा राहिलास. त्या बाईचं नाव पडद्यावर लावायचं आणि तिचा हा सगळा काळ मशीनने गाळून टाकायचा, हे मला जमणार नाही. आणि जी मुलगी ते गाणं म्हणतेय तिने ते कधी म्हटलेलं नाही. मी शोभनाचा नवरा आहे, म्हणून तुझ्या वकिलाच्या कायद्याने मी हो म्हणू शकतो. पण ईरा तिची मुलगी आहे आणि ती म्हणते की ही माझी आई नाही. तिला खोटं पाडून मला नाव नको. आयजीच्या जिवावर बायजी उदार, असं तू मला आणि मी तुला म्हणण्यात आता अर्थ नाही. उत्तर नाही असं आहे.

तू भावनेने केलंस हे मला मान्य आहे. तुला ती हवी होती. मलाही हवी आहे.

एक मागणं आहे. हे गाणं तू कुठल्या तरी मुलीकडून ट्रॅक म्हणून गाऊन घेतलंच असशील, नाहीतर मशीनने चाल कशी पकडली? जी कोण आहे ती जिवंत आहे. तिलाच गाऊ दे आणि तिचं नाव लाव. पूर्ण नाव. शोभनाला बरं वाटलं असतं की नाही ते मला माहीत नाही, तिच्या वतीने बोलायचं मी आता थांबवतोय. मला बरं वाटेल.

न सही केलेले कागद याच पाकिटात आहेत. तुझा वकील लिहील की नमुन्याची फाइल डिलीट करून तसं लेखी कळवा. ईरा समोर होती तेव्हा मी तिला म्हटलं, केली डिलीट. तुला मात्र खोटं लिहीत नाही. केलेली नाही. ती शोभना नाही हे मला कळतं, ईरा म्हणते ते सगळं खरं आहे. तरी रोज ड्युटीला निघताना मी ते गाडीत लावतो, आणि रोज रडतो. दुसऱ्या कशानेच मला रडू येत नाही. फाइल परत मागू नकोस, आणि ईराला सांगू नकोस.

संजय